एका पानाची विनंती

प्रति,
गोव्यातील उंची उपाहारगृहांचे मालक, व्यवस्थापक आणि मुख्य आचारी यांस,

विषय : एकट्याने जेवायला येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था.

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

मी पुण्याची रहिवासी असून एका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली आहेत. वर्षातून एकदा मी एकटीच प्रवासाला निघते. घरी माणसे नाहीत म्हणून नव्हे, तर घरच्या माणसांना पाऊस, पायपीट आणि मासे या तिन्ही गोष्टी एकत्र सोसत नाहीत म्हणून. गेल्या जुलैमध्ये मी आठ दिवस पणजीत मुक्काम केला आणि त्यांपैकी सहा रात्री आपल्यासारख्यांच्या उपाहारगृहांत जेवले, म्हणजे जिथे मेन्यूवर किमतीपुढे रुपयाचे चिन्ह छापण्याची तसदीही घेतलेली नसते अशा ठिकाणी. हे पत्र कोणा एका उपाहारगृहाविरुद्धची तक्रार नाही, म्हणून मी कोणाचेही नाव घेणार नाही. सहा रात्रींत जे पुन्हा पुन्हा घडले, त्याला एकाच घराचा दोष म्हणता येत नाही.

दारापासूनच सुरुवात करते. मी आत शिरले की स्वागताला उभ्या असलेल्या व्यक्तीची नजर आधी माझ्याकडे आणि मग माझ्या खांद्यावरून मागे जाते. छत्री मिटत कोणीतरी पाठोपाठ येत असेल, अशी तिची समजूत असते. कोणीच येत नाही हे लक्षात आले की प्रश्न येतो, इंग्रजीत ‘जस्ट वन?’, हिंदीत ‘अकेले ही?’, आणि समोरची व्यक्ती सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची असली तर आपल्या मराठीत ‘एकट्याच?’. तिन्ही भाषांत तो ‘च’ हजर असतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते हे मी जाणते, परंतु चौघांच्या कुटुंबाला ‘चौघेच?’ असे कोणी विचारत नाही, हेही खरे.

त्यानंतर टेबल मिळते. दालन भरलेले असो वा रिकामे, ते बहुधा एकाच जातीचे असते : स्वच्छतागृहाच्या वाटेवरचे, स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापाशी किंवा बिले छापण्याच्या यंत्राशेजारी. बसल्यावर एक छोटा विधी होतो. वेटर येतो आणि समोरच्या जागेवरचा काटा, सुरी, पेला, रुमाल असे एकेक उचलून नेतो. तुमच्या दृष्टीने ही टापटीप असेल. बसणाऱ्याला मात्र, आपल्यासमोर कोणीतरी असायला हवे होते आणि ते नाही, याचा जणू पंचनामा चालल्यासारखे वाटते. भांडी आधीच उचलून ठेवणे किंवा जेवण संपेपर्यंत तशीच राहू देणे, यांपैकी काहीही चालेल.

आता त्या रात्रीविषयी, जिच्यामुळे हे पत्र लिहिण्याचे मी ठरवले. बार्देश तालुक्यात एका जुन्या, बाल्कांव म्हणजे दारापुढे बसायची ओसरी असलेल्या घरात थाटलेले ते उपाहारगृह. जुलै असल्यामुळे यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होती. १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची ही बंदी दरवर्षी असते आणि त्या काळात गोव्यातला चांगला आचारी काय करतो हे पाहण्यासाठीच मी मुद्दाम पावसाळ्यात येते. कारण तेव्हा खोल समुद्रातली इसवण आणि पापलेट मागे पडतात आणि नदीतले, खाजणातले मासे, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी, आळम्यांचे (रानातल्या अळंब्यांचे) तोणाक म्हणजे रस्सा अशा गोष्टी पुढे येतात. या घराने नेमका असाच पावसाळी सात पदार्थांचा मेन्यू बेतला होता. त्यांच्या संकेतस्थळावरील आरक्षणाच्या फॉर्ममध्ये पाहुण्यांची संख्या दोनपासून सुरू होत होती, म्हणून मी दूरध्वनी केला. तिकडून ‘तशाच या, बघू’ असे उत्तर आले. सव्वासातला मी पोहोचले. दालनात चौदा टेबले होती आणि त्यांपैकी तीन भरलेली होती. मला जागा मिळाली, पण सात पदार्थांचा मेन्यू मागितल्यावर कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, नम्रपणे सांगितले, की तो किमान दोन पाहुण्यांसाठी आहे. शेजारच्या टेबलावर त्याच मेन्यूतील तिसरा पदार्थ माझ्या डोळ्यांसमोर वाढला जात होता. काही मार्ग निघेल का, असे विचारल्यावर तो आत जाऊन आला आणि म्हणाला, की दोघांचे पैसे दिल्यास करता येईल.

मी आयुष्यभर कर्जांवरचे व्याज मोजले आहे, त्यामुळे मला त्या प्रस्तावाचा राग येण्याआधी त्यातल्या हिशेबाचे कुतूहल वाटले. दोघांचे पैसे घेतल्यावर दोघांचे पदार्थ येणार होते का? तर नाही. म्हणजे जे शिजणारच नव्हते, वाढले जाणारच नव्हते, त्याची किंमत मी द्यायची होती. मी साधा मेन्यू मागवला, त्यातल्या दोन गोष्टी खाल्ल्या, त्या चांगल्या होत्या, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडले. तेव्हाही नऊ टेबले रिकामी होती. आळमी मात्र राहिली ती राहिलीच.

तुमची बाजू मला समजत नाही असे नाही. सात पदार्थांच्या सात छोट्या ताटल्या रचण्यासाठी एका माणसामागे जे श्रम पडतात, ते दोघांच्या निम्मे नसतात, जवळजवळ दोघांइतकेच असतात, हे मान्य. दोघांच्या टेबलावर एकजण बसला तर एक खुर्ची त्या वेळेपुरती मेली, हेही मान्य. पण तुमचा हिशेब खुर्चीवर थांबतो, तो घड्याळापर्यंत नेऊन पाहा. समजा, एक जोडपे दोन तास बसते आणि पाच हजारांचे बिल करते. मी पंचावन्न मिनिटे बसते आणि सत्तावीसशेंचे करते. त्या टेबलाची तासाची कमाई माझ्याकडून जास्त झाली. एकटा माणूस फार रेंगाळत नाही, कारण गप्पा नसतात. मागवताना वाद होत नाहीत. आणि आपल्याकडची मंडळी रात्री नऊच्या पुढेच जेवायला बाहेर पडतात, तर मी साताला यायला केव्हाही तयार असते, म्हणजे ज्या वेळी तुमचे वेटर भिंतीला टेकून उभे असतात त्या वेळी. शनिवारी रात्री साडेनऊला, बाहेर रांग लागलेली असताना, मला नाही म्हणालात तर मी समजून घेईन. जुलैतल्या मंगळवारी सव्वासातला नाही म्हणण्यामागे हिशेब नसतो. निव्वळ सवय असते.

वाढणाऱ्यांच्या बाजूनेही दोन शब्द लिहायला हवेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बिलात आपोआप सेवाशुल्क लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. ग्राहक म्हणून मला हा निर्णय योग्य वाटतो. परंतु त्यामुळे वेटरच्या हाती काय पडणार हे पाहुण्याच्या मर्जीवर आले, आणि लहान बिलाच्या टेबलाकडे त्याचे पाय जड होणे स्वाभाविक ठरले. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे : एकटी जेवले तरी टीप दोघांची ठेवते. तुमच्या मेन्यूतल्या ‘दोघांच्या’ किमतीला माझा विरोध आहे. माणसाच्या कष्टाला नाही.

खरा घोळ मला वाटते मोजण्याच्या एककात आहे. आपल्याकडे पंगतीचा हिशेब पानावर होत असे. ‘किती पाने मांडायची?’ असा प्रश्न असे, आणि एक माणूस म्हणजे एक पान. आयत्या वेळी एकटा पाहुणा आला तर शेवटी एक पान वाढवले जाई; त्याच्यासोबत दुसरे कोणी का नाही, हा विषयच नसे. खाणावळीतही तेच. लांब बाकावर जिथे जागा मोकळी असेल तिथे बसायचे, शेजारी कोण ते पाहायचे नाही, ताट समोर येते. मुंबईच्या इराण्याकडे संगमरवरी टेबलावर एक चहा आणि ब्रुन-मस्का घेऊन तासभर वर्तमानपत्र वाचणाऱ्या एकट्या माणसाकडे गल्ल्यावरचा शेठ ढुंकूनही पाहत नसे. तुमच्या स्वतःच्या गोव्यातही जुन्या तावेर्नांत संध्याकाळी एकटा बसून फेणी पिणारा माणूस कोणाला चुकीच्या जागी आल्यासारखा वाटत नाही. गंमत अशी, की तुमच्या धंद्याच्या भाषेतही हे एकक आहे : आज किती ‘कव्हर’ झाली असे तुम्ही एकमेकांना विचारता, आणि कव्हर म्हणजे आमचे पानच. स्वयंपाकघर पाने मोजते. दालन मात्र टेबले मोजते, आणि एकट्या पाहुण्याची अडवणूक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होते.

अर्थात जुन्या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही, कारण खाणावळीच्या त्या बाकावर बायका नसत. माझ्या लहानपणी गावोगावच्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ म्हणून पडद्याआडचा एक खण असे आणि एकटी बाई आली तरी तिला तिथेच धाडले जाई; एका बाईचे कुटुंब कसे होते, हे कोडे मला तेव्हा सुटले नव्हते. अमेरिकेत याच्या नेमके उलटे होते. न्यूयॉर्कच्या डेल्मोनिकोज या नामांकित उपाहारगृहात १८६८ मध्ये सोरोसिस या महिला मंडळाने पुरुषांच्या सोबतीशिवाय भोजन केले, तेव्हा ती मोठी बातमी झाली. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९०७ मध्ये, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या हॅरियट स्टँटन ब्लॅच आणि त्यांची एक मैत्रीण अशा दोघी हॉफमन हाऊसच्या गच्चीवरील उपाहारगृहात गेल्या, आणि सोबत पुरुष नाही म्हणून त्यांना वाढण्यास नकार मिळाला. ब्लॅचबाईंनी दावा लावला. तो त्या हरल्या. म्हणजे तिकडे दोघी मिळूनही एकट्या ठरल्या आणि आमच्याकडे एकटीही फॅमिली ठरली. बाई किती, हे मोजण्याची पद्धत कुठेच सरळ नव्हती, आणि मला कोपऱ्यातले टेबल दाखवले जाते तेव्हा त्या पडद्याची आठवण होते ती उगीच नव्हे.

पुरुषांना हा त्रास नसतो असेही कोणी समजू नये. माझा भाचा कामानिमित्त गोव्यात येतो. एकट्या बाईला तुम्ही निदान आत घेता, तिच्याकडे सहानुभूतीने पाहता; त्याला मात्र काही ठिकाणी दारावरच ‘स्टॅग एंट्री नाही’, म्हणजे सोबत बाई नसलेल्या पुरुषाला प्रवेश नाही, असे ऐकावे लागते. दंगा करणाऱ्या टोळक्यांसाठी केलेला नियम हातात पुस्तक घेऊन आलेल्या एका माणसावर चालवणे कितपत योग्य, याचा विचार आपणच करावा.

मेन्यूविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण दारावरचा अनुभव सुधारला तरी खरी अडचण तिथेच आहे. हल्ली तुमच्यापैकी बहुतेकांचा मेन्यू ‘शेअरिंग’साठी बेतलेला असतो. पाच काफ्रेआल कबाब, सहा क्रोकेट, चार भरलेले पाव; यांतला एक पदार्थ मागवला की एकट्याचे पोट भरते आणि संध्याकाळ एकाच चवीत संपते. ज्या माणसाने चारशे किलोमीटरचा प्रवास केवळ जेवण्यासाठी केला आहे, त्याला एक शागोतीचा रस्सा, थोडे माशांचे आंबट-तीक आणि शेवटी बेबिंका या गोड पदार्थाचा पातळसा काप असे हवे असते. चणक हा मासा अख्खा येतो, आठशे ग्रॅमचा किंवा किलोचा. त्याची एक फोड रेशाद मसाला लावून तव्यावर टाकणे अशक्य नाही, पण मेन्यूत तशी सोय नसते. वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे पाच पेले. पेल्यावर मिळणाऱ्या वाइन दोनच, एक लाल आणि एक पांढरी, आणि त्या बाटल्या केव्हा उघडल्या हे विचारू नये. विरोधाभास असा, की रस्त्याकडेचा साधा ढाबा निमूटपणे ‘हाफ’ देतो, आणि जिथे प्रत्येक पानावर फूल ठेवायला स्वतंत्र माणूस आहे तिथे ‘हाफ’ हा शब्द उच्चारला की कॅप्टनच्या चेहऱ्यावर आपण भाव करायला लागल्यासारखी छटा उमटते. निम्म्या पदार्थाला निम्मी किंमत मी मागत नाही. साठ टक्के लावा, सत्तर लावा, आनंदाने देईन.

जगात हे प्रश्न इतरांनी सोडवले आहेत. जपानमध्ये सुशीवाल्याच्या फळीसमोर एकट्याने बसणे ही उत्तम जागा मानली जाते, कारण हात चालताना दिसतात आणि पदार्थ एकेक तुकडा करून समोर येतो. फ्रान्सचे नामवंत शेफ जोएल रोबुशाँ यांनी २००३ मध्ये टोकियो आणि पॅरिस येथे आपले ‘आतेलिए’ नावाचे उपाहारगृह उघडले, तेव्हा याच धर्तीवर पाहुण्यांना स्वयंपाकघरासमोरच्या उंच फळीवर बसवले. त्यामुळे एकटा येणारा आपोआप पहिल्या रांगेत आला. ॲम्स्टरडॅममध्ये तर २०१३ साली ‘एनमाल’ नावाचा प्रयोग झाला, ज्यात सगळी टेबले एकेका माणसाचीच होती. हा शेवटचा प्रयोग मला फारसा रुचत नाही. सगळ्या एकट्यांना एका खोलीत बसवणे म्हणजे फॅमिली रूमचाच नवा अवतार. मला जोडप्यांच्या, कुटुंबांच्या, वाढदिवस साजरे करणाऱ्यांच्या मध्येच बसायचे आहे. त्यांचे हसणे ऐकू येते, ते जेवणाला बाधक नाही. तुमच्यापैकी अनेकांकडे बारची लांब फळी आहेच. तिथे पूर्ण मेन्यू वाढला आणि पाठ टेकेल अशा दोन-तीन खुर्च्या ठेवल्या, तर नवे बांधकाम करावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. एकट्या पाहुण्याकडे दुर्लक्ष करणे जितके वाईट, तितकेच त्याच्यावर दया करणेही वाईट. एका रात्री व्यवस्थापकांनी मी एकटी पडू नये म्हणून एका शिकाऊ मुलीला माझ्याशी गप्पा मारायला पाठवले. ती बिचारी दहा मिनिटे उभी राहून पुण्याच्या हवेविषयी विचारत राहिली, आणि माझ्या पुढ्यातला रस्सा निवत गेला. दुसऱ्या ठिकाणी मी वहीत काही टिपून ठेवताना दिसल्यावर एकदम दोन पदार्थ भेट म्हणून आले आणि शेफ स्वतः बाहेर आले. मी खाद्यसमीक्षक असेन असा त्यांचा ग्रह झाला होता. मी खर्च लिहीत होते. ते कळल्यावर त्यांचे हसू किंचित आखडले, पण पदार्थ परत नेले नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवते.

सगळे नीट जमलेली एक रात्र सांगितल्याशिवाय हे पत्र न्याय्य होणार नाही. पणजीच्या फोंतेन्हास भागात, पिवळ्या-निळ्या भिंतींच्या गल्लीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर मी साडेसातला गेले. दारावरच्या गृहस्थांनी मागे पाहिले नाही. ‘खिडकीपाशी बसाल की आत?’ एवढेच विचारले. खिडकीपाशी दोघांच्या टेबलावर एकच आसन मांडलेले होते. मी पुस्तक काढल्यावर पाच मिनिटांत, न विचारता, शेजारचा छोटा दिवा माझ्या बाजूला सरकवला गेला. मेन्यूत लिहिलेले नसतानाही वेटर म्हणाला, की दोन पदार्थ अर्धे-अर्धे करून देता येतील, आणि किमान तीन गोष्टी खायच्या असतील तर तसेच मागवा. जेवणानंतर काजूची फेणी हवी का, असे विचारताना तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचेही त्याने अभिमानाने सांगितले. मी लहान पेला घेतला. दोन पदार्थांमध्ये त्याने पुरेसा वेळ जाऊ दिला. एकट्या माणसाचे ताट रिकामे झाले की लगेच पुढचे आणून आदळायचे, अशी जी घाई इतरत्र असते, ती तिथे नव्हती. बाहेर पाऊस होता. मी सव्वा तास बसले, म्हणजे माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा वीस मिनिटे जास्त, आणि त्या वीस मिनिटांत आणखी एक गोड पदार्थ मागवला. त्या घराने माझ्यासाठी जे केले त्यात खर्चाची बाब एकही नव्हती; दिवा तर आधीच तिथे होता.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. सात पदार्थांचा मेन्यू त्या रात्री दुसऱ्या कोणत्याही टेबलासाठी रांधला जात असेल, तर त्यातले एक पान एकट्या माणसालाही, एका पानाच्या किमतीत द्यावे. आणि ज्या पदार्थाला खरोखर दोन माणसे लागतात, उदाहरणार्थ अख्खा मासा, तेवढा तो वगळून दुसरा द्यावा. गर्दी नसेल तेव्हा एकट्याला टेबल निवडू द्यावे. स्वागताला उभ्या राहणाऱ्यांना ‘च’ न लावता विचारायला शिकवावे.

या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा पणजीला येत आहे आणि आळमी अजून खायची राहिली आहे. मंगळवार किंवा बुधवार, संध्याकाळी सात वाजता, जे सोयीचे असेल ते. आपल्या आरक्षणाच्या फॉर्ममध्ये पाहुण्यांची संख्या तोवर एकपासून सुरू होणार असेल तर तसे संकेतस्थळावर दिसेलच. नसेल, तर मी दूरध्वनी करीन आणि एक पान मांडून ठेवायला सांगेन.

आपली विश्वासू,
एकटीने येणारी एक पाहुणी,
पुणे